तीन पिढ्यांचा पट्टेवाला

आधीच सांगून टाकतो, चूक माझी आहे. पुढं ऐकताना तुम्हाला हेडक्लार्कचा राग येईल. येऊ द्या, मलाही येतो. पण तो अर्ज मी लिहिला होता, माझ्या हातानं, वळणदार अक्षरात, शुद्धलेखनाची एकही चूक न करता.

पुंजाराम गवारे आमच्या गावचा. घोडेगावपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात पुंजाबाला ओळखत नाही असा माणूस नव्हता. म्हशींचे सौदे उरकले की लोक हलगीच्या आवाजाकडं वळायचे. गोल रिंगण धरलं जायचं. मधे पुंजाबा उभा, डोक्याला लाल फेटा, अंगात बाराबंदी, धोतराचा काचा मारलेला आणि उजव्या हातात कोपरापर्यंत चढवलेला पट्टा.

पट्टा म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, काय करणार! चार फूट लांब पातं, दोन्हीकडून धार, वाकवलं तर वाकेल इतकं पातळ. त्याला तलवारीसारखी मूठ नसते. लोखंडी खोबण असते, तिच्यात अख्खा हात कोपरापर्यंत घालायचा. एकदा हात आत गेला की मनगट वळत नाही. "मनगटाला इसरायचं," पुंजाबा सांगायचा. "पट्टा कमरंनं फिरतो, खांद्यानं फिरतो. मनगट वळीवनारा त्यो तलवारवाला. त्यो येगळा, आमी येगळे."

तो नुसता फिरवायचा नाही. आधी बोलायचा. "आता म्या पुंजा न्हाई, आन् तुमी बाजारात न्हाई. तीनशे वर्सं मागं चला. खिंडीत हाय आपन. पोटात कालची शिळी भाकर आन् कांदा. मागं चौघं, म्होरं चाळीस. पळायचं का थांबायचं?" आणि उत्तराची वाट न बघता पातं फिरायला लागायचं. त्याचा सूं सूं आवाज मला अजून ऐकू येतो. पाच माणसं चौफेर आली तर एकटा माणूस कसा उभा राहतो, खाली बसून पाय कसे तोडतो, मागच्याला न बघता कसं अडवतो, सगळं तो थांबून थांबून दाखवायचा. आसपासच्या शाळा त्याला बोलवायच्या. चौथीच्या पुस्तकात लढाई दोन ओळींत संपायची. पुंजाबाची लढाई अंगाला घाम सुटेपर्यंत चालायची. मी इतिहासाचा मास्तर झालो तो पुस्तकामुळं नाही, खरं सांगतो.

शेवटी लिंबू. त्याची बायको चांगुणा रिंगणात यायची, डोक्यावरचा पदर नीट करायची आणि उजवा तळहात पुढं धरायची. त्यावर लिंबू. बाया डोळे झाकून घ्यायच्या. पातं यायचं, लिंबाच्या दोन फोडी व्हायच्या, आणि चांगुणा हात पालथा करून सगळ्यांना दाखवायची की बघा बाबांनो, रक्ताचा थेंब नाही. वीस वर्षांत एकदाच चुकलं. तिच्या तळहातावर पांढरी बारीक रेघ होती. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, "त्या दिशी मीच शिंकले. त्यांच्यावर घालू नगा."

गवारे घराण्याचा एक नेम होता. पट्टा एकदा गवसणीतून काढला की लिंबू कापल्याशिवाय परत आत घालायचा नाही. आणि चेला करायचा तर त्याच्या तळहातावर लिंबू कापायचं. तळहात हलला नाही तर तो चेला, हलला तर घरी जा. आजानं बापाच्या हातावर कापलं, बापानं पुंजाबाच्या. पुंजाबाला पोरबाळ झालं नाही. गावातली पोरं साखर कारखान्याला लागण्याच्या मागं. बारा हात होते त्याच्याकडं, म्हणजे पट्ट्याचे बारा प्रकारचे डाव, आणि ते घ्यायला कुणी नव्हतं. "गुरुजी," तो मला म्हणायचा, "मरायचं भ्या न्हाई. पन हे बारा हात माझ्यासंगं जळाया नगं. येक पोरगं द्या मला. येकच द्या." त्याला आयुष्यात एवढंच पाहिजे होतं. दुसरं काही त्यानं कधी मागितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ आला. बाजार ओस पडले, जनावरं छावणीत गेली, शाळांना खेळ बोलवायची शुद्ध राहिली नाही. पुंजाबा नि चांगुणा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. मी तेव्हा तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या हायस्कुलात नवा लागलो होतो, अजून कायम झालो नव्हतो. एका रविवारी गावी गेलो तर पुंजाबाच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली. म्हणाला, "खडी फोडून मनगट सुजलंय. लोकं म्हंत्यात पट्टेवाल्याचा हात गेला."

त्याच महिन्यात संस्थेचं पत्रक आलं होतं की शाळांनी मर्दानी खेळ शिकवणारा माणूस सुचवावा, एक वस्ताद नेमण्याचा विचार आहे. मी त्याच रात्री अर्ज खरडला नाही, चांगला चार दिवस विचार करून लिहिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, मरेपर्यंत पाठ राहणार. "आमच्या गावचे श्री. पुंजाराम सहादेव गवारे हे तीन पिढ्यांचे नामांकित पट्टेवाले असून, त्यांच्या सेवेचा लाभ संस्थेस व्हावा."

वाचलंत? बरोबर आहे की नाही? आमच्या गावात त्याला सगळे पट्टेवालाच म्हणायचे. पुंजा पट्टेवाला. बापही पट्टेवाला, आजाही पट्टेवाला. मान होता तो. लग्नाच्या पंगतीत पट्टेवाल्याला पहिल्या ओळीत पाट मांडायचे. मी त्या गावचं पोर, मला दुसरा शब्द सुचणारच नाही. आणि तालुक्याच्या कचेरीत पट्टेवाला म्हणजे कोण? कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा बांधून साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणारा. चपराशी! आनंदीबाईनं 'ध'चा 'मा' केला म्हणतात. मला तर एक अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही.

हेडक्लार्क आप्पासाहेबांनी म्हणे अर्ज वाचून चष्मा वर केला आणि कौतुकानं म्हणाले, "तीन पिढ्यांचा! असा माणूस सोडू नका. घरंदाज शिपाई मिळत नाही हल्ली."

त्र्याहत्तरच्या मेमध्ये हुकूम आला. गावच्या पारावर पाकीट माझ्या हातात दिलं. पुंजाबा समोर, चांगुणा त्याच्या मागं, भोवती पाऊण गाव. मी मोठ्यानं वाचायला लागलो. "श्री. पुंजाराम सहादेव गवारे यांची पट्टेवाला या पदावर..." पुढचं कुणी ऐकलंच नाही. हलगी कडाडली. सरकारदरबारी पट्टेवाला लिहून आलं! पुंजाबानं तो कागद माझ्या हातातून घेऊन कपाळाला लावला. चांगुणानं कागदाला कुंकू लावलं. एक म्हातारा तर रडायला लागला की ह्याचा बाप असता तर आज.

मी मात्र खालची ओळ वाचली होती. खाकी गणवेश दोन, टोपी एक, कामाची वेळ सकाळी शाळा उघडण्यापूर्वी एक तास.

तिथंच सांगायचं होतं. "थांबा, घोटाळा झालाय" एवढे तीन शब्द. नाही सांगितले. पाऊण गाव नाचत होतं, आणि मी मूग गिळून उभा. मनाशी म्हणालो, जाऊन आप्पासाहेबांना भेटतो, दुरुस्त करून घेतो. भेटलो पण. ते म्हणाले, "वस्ताद-बिस्ताद ते रद्द झालं हो. जागा शिपायाची आहे. तुम्हीच शिफारस केलीत ना? तुमचं कायम होण्याचं प्रकरण माझ्याच टेबलावर आहे बरं का." मी "बरं" म्हणून उठलो. एवढीच माझी लढाई. म्होरं एक हेडक्लार्क होता आणि मी पळालो.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सोमवारी पुंजाबा हजर झाला. लाल फेटा, धुतलेली बाराबंदी, खांद्यावर गवसणीत गुंडाळलेला पट्टा, खिशात एक लिंबू. पोरं खिडक्यांना लोंबकळली. तो थेट ऑफिसात गेला आणि आप्पासाहेबांना रामराम करून म्हणाला, "कोनत्या मैदानावर सुरू करायचं, सायेब?"

आप्पासाहेब गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसले. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर वाईट. अगदी मनापासून हसले. कपाट उघडून त्यांनी खाकी कपडे काढले, आणि वर एक कातड्याचा पट्टा ठेवला, पितळी बिल्ल्याचा, बिल्ल्यावर संस्थेचं नाव. "अरे बाबा, इथं तो चालत नाही," ते म्हणाले. "हा घे. हा तुझा पट्टा."

मी दारात उभा होतो. पुंजाबानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं विचारत होता की गुरुजी, हे काय म्हणतात? मी हजेरीपटात डोकं घातलं. त्यानं तो पट्टा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि कमरेला बांधला.

रविवारी चांगुणा माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. "गुरुजी," ती म्हणाली, "तुमाला वाचता येतं ना?"

"येतं," मी म्हणालो.

"मंग पारावर का न्हाई वाचलं?"

तीच पुढं म्हणाली, "त्यांना म्या म्हनलं, सोडा, खडी फोडू. तर म्हंत्यात न्हाई, शाळा हाय ती, पोरं हायत तितं. येखादं घावंल." आणि ती गेली.

असं धरून बसला होता तो. झाडू मारताना, घंटा देताना, घागरी भरताना पोरांकडं बघायचा, कुणाचा खांदा कसा आहे, कोण पायावर घट्ट आहे. मधल्या सुट्टीत दोन-चार पोरांना विटी-दांडूच्या दांडूनं एक हात दाखवला, तर मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर झापलं की शिपायानं मुलांत मिसळू नये. शाळेत त्याला सगळे पट्टेवालाच म्हणायचे. "ए पट्टेवाला, खडू आण." "पट्टेवाला, डस्टर झटक." तोच शब्द. गावात ज्या शब्दाला पाट मांडायचे, त्या शब्दानं इथं मोरी धुऊन घ्यायचे. तो दर वेळी "जी" म्हणायचा. पहिले काही महिने ती हाक आली की त्याची मान चटकन ताठ व्हायची, जुनी सवय. मग ते पण थांबलं.

चौऱ्याहत्तर साल आलं. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली. सगळीकडं कार्यक्रम, आमच्या संस्थेनं पण काढला. जूनच्या शेवटी, शाळेच्या मैदानावर 'शिवकालीन गाव'. तट्ट्यांची घरं, मातीचा तट, जात्यावर दळणाऱ्या मुली, मोडी लिहिणारा कारकून, लोहाराचा भाता, घोडेगावच्या बाजारातून भाड्यानं आणलेली दोन तट्टं. पाहुणे हिंडणार, प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी त्या काळच्या माणसासारखं बोलून माहिती देणार. कल्पना चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. बसवायला शहरातून एक नाटकवाले सर आणले होते.

पुंजाबाला वाटलं, आता तरी. मला पण वाटलं. मी धीर करून मुख्याध्यापकांना म्हणालो, "सर, आपल्याकडं अस्सल पट्टेवाला आहे." ते म्हणाले, "मग पाण्याची काळजी मिटली." देवाशपथ, असंच म्हणाले. पुढं समजावून सांगितल्यावर नाटकवाल्या सरांकडं बोट दाखवलं. सर म्हणाले, "खरं हत्यार नको हो. आमचा बसवलेला डान्स आहे."

त्या डान्ससाठी पत्र्याचे पट्टे केले होते, वर चंदेरी कागद. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! तालमीत आठ पोरं ओळीनं उभी राहून ते मनगटानं गरगर फिरवत होती. पुंजाबा खुर्च्या लावत होता. त्याला राहवलं नाही. हातातली खुर्ची ठेवून तो पुढं गेला आणि एका पोराचा खांदा धरून म्हणाला, "आसं न्हाई राजा. मनगटाला इसर. कमरंनं..." नाटकवाल्या सरांनी शिट्टी वाजवली. आप्पासाहेब धावत आले. "पट्टेवाला! तुला किती वेळा सांगायचं? तुझं काम काय? सरबताचं बघ जा." पोरं खिदळली. तो पोरगाही हसला, ज्याच्या खांद्यावर हात ठेवला होता तो.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन मे महिन्यासारखं. पावसानं ओढ दिली होती. पाहुण्यांना दिवसभर लिंबाचं सरबत. स्वयंपाकघर म्हणून मागचा हस्तकलेचा वर्ग दिला होता. मी बर्फाचं विचारायला गेलो तर दार आतून लोटलेलं. ढकललं.

पुंजाबानं खाकी सदरा काढून ठेवला होता. बिल्ल्याचा पट्टा काढून खिळ्याला अडकवला होता. उजव्या हातात पट्टा, खरा, तेल दिलेला. किती दिवसांपासून त्यानं तो शाळेत आणून ठेवला होता कोण जाणे. फरशीवर लिंबांच्या ओळी मांडल्या होत्या. शंभरएक असतील.

"पुंजाबा, हे काय?"

"लिंबं कापायला सांगितलीत की," तो म्हणाला. "उघडलाय आता. कापल्याबिगर आत जायाचा न्हाई." मग टोपलीतलं एक लिंबू काढून त्यानं माझ्यापुढं धरलं. "गुरुजी, घ्या. तळहातावर धरा."

मला कळलं तो काय मागतोय. तिशीचा मास्तर मी, पट्टा काय फिरवणार? ते त्यालाही ठाऊक होतं. पण कुणाच्या तरी हातावर कापायचं होतं त्याला, एकदा, नेमाप्रमाणं. म्हणजे निदान नावाला तरी चेला झाला असता. मी लिंबू घेतलं. तळहातावर ठेवलं. हात पुढं केला. माझा हात हलत होता, हे मी कबूल करतो.

"हालू नगा," तो म्हणाला. हळू, मायेनं म्हणाला. "म्या हाय ना."

तेवढ्यात बाहेरून आप्पासाहेबांची हाक आली. "अहो सर, कुठं आहात? पाहुणे आले, माइक बंद पडलाय!" आणि मला ती हाक बरी वाटली. लाज वाटते सांगायला, पण बरी वाटली. मी लिंबू टेबलावर ठेवलं, "आलोच हं" म्हणालो, आणि गेलो.

मागून सूं सूं आवाज आला. वळून बघितलं नाही. मैदानावर बँड वाजत होता, चंदेरी पट्टे गरगर फिरत होते, टाळ्या पडत होत्या. थोड्या वेळानं पुंजाबा खाकी सदऱ्यात, कमरेला बिल्ला, ट्रे घेऊन पाहुण्यांच्या रांगेत आला. सगळ्यांनी सरबताचं कौतुक केलं. फोडी इतक्या सारख्या होत्या की आप्पासाहेबांनी विचारलं, "कोणत्या विळीनं कापलंस रे?" तो म्हणाला, "घरची हाय, सायेब."

मी वर्गात गेलो तेव्हा पट्टा गवसणीत घालून नाडी बांधलेली होती. टेबलावर मी ठेवलेलं लिंबू तसंच होतं, अख्खं. ते त्यानं कापलं नव्हतं.

त्यानंतर त्यानं पट्टा कधी उघडला नाही. चौदा वर्षं घंटा दिली. मी विचारायचो, पुंजाबा, एखादा पोरगा बघू या का? तो म्हणायचा, "आता ऱ्हाऊ द्या, गुरुजी. हात न्हाई ऱ्हायला." मी दुसऱ्याच वर्षी कायम झालो होतो. तो नोकरीतच वारला. शाळेनं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, आणि शोकसभेत आप्पासाहेब मनापासून बोलले की असा प्रामाणिक सेवक पुन्हा होणे नाही. चांगुणा ओट्याच्या कडेला बसून ऐकत होती. मग ती उठली आणि गवसणीसकट पट्टा आणून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. "ठेवा तुमच्याकडंच," म्हणाली. "घरात कोन हाय?" माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

आता तो ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात आहे. इतिहासाच्या तासाला मीच मुलांना दाखवायला नेतो. खाली चिठ्ठी लावायचं काम माझ्याकडंच आलं. मी लिहिलं होतं, "कै. पुंजाराम सहादेव गवारे, पट्टेवाला, यांजकडून." आयुष्यात एकदा तो शब्द जिथं पाहिजे तिथं पडला, असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर नव्या हेडक्लार्कनं चिठ्ठी बदललेली. म्हणाला, "सर, पट्टेवाला कसं वाटतं हो? अपमान वाटतो मेलेल्या माणसाचा. मी शिपाई केलंय."

मी त्याच्याशी भांडायला पाहिजे होतं. पण काय सांगणार? ती चिठ्ठी वाचणारं एकही माणूस आता पट्टेवाला या शब्दाचा आमच्या गावचा अर्थ लावणार नव्हतं. मी "बरं" म्हणालो.

मुलं विचारतात, सर, हा कसा फिरवायचा? मी सांगतो, मनगटाला विसरायचं, कमरेनं फिरवायचा. पुढचं मला येत नाही.